रेडिएटरचा पंखा परत परत बंद पडतोय? नुसता रिले बदलून भागणार नाही

सिग्नलला गाडी उभी राहिली की तापमानाचा काटा हळूहळू वर चढायला लागतो. एसीतून कोमट वारा येतो. गाडी जरा पळायला लागली की काटा खाली, एसी पुन्हा गार. बोनेट उघडून बघावं तर रेडिएटरमागचा पंखा गप्प. रिले (पंख्याची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) बदलला की पंखा चालू होतो, महिना-दीड महिना बरा जातो आणि पुन्हा तेच.

माझ्या गाडीला वर्षभरात हे तीनदा झालं. तीन रिले, दोन फ्यूज आणि एक सेन्सर बदलून झाला, आणि मूळ दोष यातल्या एकातही नव्हता. पंखा का बंद पडतो हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो दुरुस्त केल्यावर पुन्हा का बंद पडतो, याचं उत्तर शोधायला मला बराच वेळ लागला. ज्यांचा पंखा दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा गेलाय त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहितोय. पहिल्यांदाच गेला असेल तरी तपासणी हीच करा, म्हणजे दुसरी वेळ येणार नाही.

आधी खात्री करा की दोष पंख्याचाच आहे

गाडी वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर गार करतो, तेव्हा पंख्याची जवळजवळ गरज नसते. म्हणून उभ्या गाडीत किंवा कासवगतीच्या ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर शांत होते, अशी तक्रार असेल तर पंख्याकडे वळा. उलट असेल, म्हणजे उभी असताना ठीक पण वेगात किंवा चढावर तापते, तर पंख्यात वेळ घालवू नका. तिथे तुंबलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालची सीलपट्टी) बघावं लागेल.

कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पाण्याची) पातळीही आधीच बघा, इंजिन पूर्ण गार असताना. कूलंट कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल तर तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो. इंजिन तापत असतं, पण सेन्सर कमी तापमान सांगतो आणि पंख्याला हुकूमच मिळत नाही. अशा वेळी पंखा धडधाकट असतो. कूलंट भरून हवा काढली की प्रश्न मिटतो, मात्र कूलंट गेलं कुठे हे शोधावं लागतं.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी. तापलेल्या इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत साधारण १ बार जादा दाब असतो आणि त्या दाबाखाली पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. झाकण फिरवलं की दाब एकदम जातो आणि ते पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. दुसरं, पंख्यात हात घालायचा असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढूनच घाला. बऱ्याच गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो, आणि तो सांगून सुरू होत नाही.

पहिली दहा मिनिटं

इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्याच वेळात पंखा फिरायला हवा. तोच पंखा एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, असं असेल तर पंख्याची मोटार, फ्यूज आणि जाड वायरिंग चालू आहे आणि दोष सेन्सरच्या बाजूला आहे. काही गाड्यांत एसीचा पंखा वेगळा आणि रेडिएटरचा वेगळा असतो, तेव्हा कुठला फिरतोय ते नीट बघा.

मग कूलंट सेन्सरचा सॉकेट काढून इंजिन चालू ठेवा. ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) सेन्सर दिसेनासा झाला की बहुतेक गाड्यांत खबरदारी म्हणून तो पंखा सुरू करतो. पंखा फिरला तर सेन्सर बदलायचा विचार करा. (चेक इंजिनचा दिवा लागेल, तो नंतर ईसीयूने नोंदवलेला दोषाचा कोड पुसला की जातो.) सेन्सर मीटरवरही तपासता येतो. साधारण २० अंशाला त्याचा रोध दोन ते तीन हजार ओहम असतो आणि ९० अंशाला उतरून दोनशे-तीनशेवर येतो. जुन्या गाड्यांत सेन्सरऐवजी रेडिएटरलाच बसवलेला दोन तारांचा थर्मोस्विच असतो. त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या की पंखा फिरायला हवा.

एसीवरही नाही आणि सेन्सर काढूनही नाही, तर मोटारीला थेट बॅटरीवरून वीज द्या. मधे ३० अँपिअरचा फ्यूज असलेली जाड वायर वापरा आणि प्लस-मायनस बघून लावा. उलट लावलं तर पंखा उलटा फिरेल. मोटार फिरली नाही आणि बाहेरून लाकडाच्या दांड्याने हलकेच ठोकल्यावर फिरायला लागली, तर आतले कार्बन ब्रश घासून संपलेत. ती मोटार आज चालेल, उद्या ट्रॅफिकमध्ये दगा देईल. ती बदलायचीच.

इथेच माझी पहिली चूक झाली. माझी मोटार थेट बॅटरीवर मस्त फिरली, म्हणून मी तिला निर्दोष ठरवून मोकळा झालो. मोटार फिरते एवढ्यावरून ती बरी आहे असं ठरत नाही. ती किती करंट ओढून फिरते हे बघावं लागतं. त्याकडे पुढे येतोच.

रिले

रिलेत दोन सर्किट असतात. ८५ आणि ८६ क्रमांकाच्या पिना कॉइलच्या, त्यातून अगदी थोडा करंट जातो. ३० आणि ८७ या जाड कामाच्या पिना, त्यातून मोटारीचा सगळा करंट जातो. कॉइलला वीज मिळाली की टक् असा आवाज येतो. आवाज आला म्हणजे रिले चांगला, असं बरेच जण धरून चालतात. पण आवाज कॉइलचा असतो. आतले कामाचे संपर्क जळून काळे पडले असले तरी टक् येतोच.

रिले काढून सॉकेटमध्ये ३० आणि ८७ च्या जागा फ्यूज असलेल्या जाड वायरीने जोडा. पंखा पूर्ण जोरात फिरला तर पुढची बाजू चालू आहे, आता रिले किंवा त्याला मिळणारा हुकूम बघा. त्याच डब्यात हॉर्नचा किंवा दुसऱ्या कशाचा तसलाच रिले असेल तर अदलाबदल करून बघणं सगळ्यात सोपं. पिनांची मांडणी आणि अँपिअर दोन्ही सारखे असल्याची खात्री करा.

स्कॅनर लावून कोड बघणारेही असतात, आणि बघावेतच. पी०४८० आणि पी०४८१ हे पंख्याच्या नियंत्रणाचे कोड, पी०११७ आणि पी०११८ कूलंट सेन्सरचे. पण कोड नाही म्हणजे दोष नाही असं समजू नका. रिलेवर चालणाऱ्या पंख्यात ईसीयूला बहुधा फक्त रिलेच्या कॉइलची बाजू दिसते. जाड वायर जळून तुटली तरी त्याला काही कळत नाही. माझ्या गाडीत तिन्ही वेळा एकही कोड आला नव्हता.

दोन वेगांचा पंखा असेल आणि कमी वेग गेला असेल पण जास्त वेग चालू असेल, तर बहुतेकदा पंख्याच्या चौकटीवर बसवलेला रेझिस्टर उडालेला असतो. ही बिघाडाची फसवी जात. इंजिन ९५-९८ अंशांवर पंखा सुरू व्हायला हवा तो होत नाही, मग १०० च्या वर गेल्यावर एकदम भणाणत सुरू होतो. मालकाला वाटतं पंखा चालतोय. काही दोन-पंखी गाड्यांत रेझिस्टर नसतो. कमी वेगाला दोन्ही मोटारी एकापुढे एक जोडल्या जातात, जास्त वेगाला शेजारी शेजारी. त्यात एक मोटार मेली की कमी वेगाला दोन्ही पंखे बंद आणि जास्त वेगाला एकच चालू. हे लक्षात नसेल तर माणूस दिवसभर रिले बदलत बसतो.

मीटरवर १२ व्होल्ट दिसतात, तरी पंखा फिरत नाही

पुन्हा पुन्हा येणारा बिघाड इथेच दडलेला असतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

मोटारीचा कनेक्टर काढून मीटर लावला तर १२.६ व्होल्ट दिसतात. वाटतं, वीज तर येतेय, म्हणजे मोटार गेली. पण कनेक्टर काढलेला असताना त्या वायरीतून करंट वाहतच नाही. दहा-बारा तारांची वायर जळून एकच केसाएवढी तार उरली असेल तरी मीटर १२.६ दाखवेल, कारण मीटरला स्वतःला करंट जवळजवळ लागतच नाही. पंख्याला १०-२० अँपिअर द्यायची वेळ आली की तीच वायर गुडघे टेकते.

म्हणून मोजमाप पंखा जोडलेला आणि चालू असतानाच घ्या. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं टोक मोटारीच्या कनेक्टरच्या प्लस वायरीवर मागून सुई घालून. पंखा फिरत असताना जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत वाया जातायत. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. मग काळं टोक बॅटरीच्या मायनसवर आणि लाल टोक मोटारीच्या अर्थच्या (मायनसच्या) वायरीवर. इथे ०.२ च्या आत हवं. जास्त आलं तर अर्थचा बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज घासून पत्रा चकचकीत करा, बोल्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. कितीतरी पंखे एवढ्यावरच सुटतात.

माझ्या गाडीत अर्थ चोख होता, ०.१. प्लसच्या बाजूला मात्र १.१ व्होल्ट गळत होते. बॅटरीवरचं टोक तसंच ठेवून काळं टोक एकेक पायरी पुढे नेलं: फ्यूजच्या अलीकडे, फ्यूजच्या पलीकडे, रिलेच्या ३० ला, ८७ ला. फ्यूजच्या अलीकडे ०.१, पलीकडे ०.९. म्हणजे १.१ पैकी ०.८ व्होल्ट एकट्या फ्यूजच्या जागी जात होते.

फ्यूज काढून हातात घेतला आणि तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. आतली तार शाबूत होती. एका पायाभोवतीचं प्लास्टिक मात्र वितळून बुडबुड्यांसारखं फुगलं होतं आणि तो पाय निळसर-तपकिरी पडला होता. दुसरा पाय नव्यासारखा पांढरा. हे चिन्ह लक्षात ठेवा. करंट वाजवीपेक्षा खूप जास्त झाला तर फ्यूजची तार उडते. तार शाबूत आणि प्लास्टिक वितळलेलं असेल तर त्या पायाची सॉकेटमधली पकड ढिली आहे आणि तिथेच उष्णता तयार होतेय.

किती उष्णता? १.१ व्होल्ट गुणिले माझ्या पंख्याचा २२ अँपिअर करंट (तो कसा मोजला ते पुढे येतं), म्हणजे साधारण २४ वॅट वाटेत जळत होते, त्यातले अठराच्या आसपास त्या एका पायाशी. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचा छोटा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. तसला आयर्न फ्यूजच्या डब्यात टेकवून ठेवल्यावर शेजारच्या रिलेचं जे होईल ते माझ्या तिन्ही रिलेंचं झालं. सॉकेटमधली पितळी पट्टी तापली की तिचा स्प्रिंगपणा जातो, पकड आणखी ढिली होते, रोध आणखी वाढतो, आणखी तापते. नवा रिले, नवा फ्यूज घातला की नवा पाय त्या पट्टीत थोडे दिवस बरा बसतो. महिना-दीड महिना.

पण पट्टी मुळात तापलीच का

इथे थांबून फक्त सॉकेट बदलला असता तर चौथी फेरी नक्की होती. पंखा मुळात किती करंट ओढतो, हा प्रश्न मला खटकत होता. डीसी करंट मोजणारा क्लँप मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवायचा) मागून आणला. नेहमीचा, घरातल्या विजेचा एसी करंट तेवढाच मोजणारा क्लँप इथे चालत नाही, आणि साध्या मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या खोबणीतून पंख्याचा करंट मोजायचा प्रयत्न करू नका, मीटरचा फ्यूज जाईल. माझ्या गाडीत दोन सारखे पंखे आहेत. एक ११ अँपिअर घेत होता, दुसरा २२.

बॅटरी काढून दोन्ही पंखे बोटाने फिरवून बघितले. चांगला पंखा दोन वेढे फिरून थांबला. दुसरा बोट काढलं की जागीच. दांडा आडवा हलवला तर किंचित खडखड. बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) कोरडे पडले होते. डीसी मोटारीचा स्वभाव असा की ती जितकी हळू फिरेल तितका जास्त करंट ओढते, आणि जाम झाली तर सर्वांत जास्त. माझी मोटार फिरत होती म्हणून मी तिला सोडून दिलं होतं, आणि ती दुप्पट करंट ओढून दर वेळी फ्यूजचा सॉकेट भाजत होती.

तुमच्या गाडीत एकच पंखा असेल तर तुलना करता येणार नाही. तेव्हा दुरुस्ती पुस्तिकेत दिलेला करंट बघा. तोही नसेल तर फ्यूजचा आकडा अंदाज देतो: चालू पंख्याचा स्थिर करंट फ्यूजच्या आकड्याच्या जवळ पोहोचत असेल तर मोटार थकली आहे. सुरू होतानाचा पहिला झटका मोठा असतोच, तो धरू नका.

दुरुस्ती

मोटार आणि जळालेला सॉकेट, दोन्ही एकाच वेळी बदलायचे. नुसती मोटार बदलली तर ढिली पट्टी तशीच राहते. नुसता सॉकेट बदलला तर मोटार तो पुन्हा जाळते.

सॉकेट बदलताना जळालेली वायर मागे कापत जा. बाहेरून आवरण ठीक दिसलं तरी आत तांबं काळं पडलेलं असतं आणि त्यावर नवं टर्मिनल नीट धरत नाही. मला चार बोटं मागे जावं लागलं तेव्हा लाल चमकदार तांबं लागलं. नवा तुकडा मूळ वायरीइतका जाड तरी हवाच, बारीक चालणार नाही. टर्मिनल योग्य चिमट्याने क्रिंप करा, पक्कडीने चेपून नाही. जोडावर उष्णतेने आवळणारी नळी घाला. नुसती पट्टी गुंडाळली तर इंजिनाच्या उष्णतेत तिचा गोंद पातळ होऊन ती सुटते. बसवल्यावर वायर हाताने ओढून बघा. निघाली तर आत्ताच निघालेली बरी.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा घालणं हा सगळ्यात धोकादायक उपाय आहे. फ्यूज वायरीला वाचवतो. तो मोठा केला की पुढची जळायची पाळी वायरीची, आणि तिच्या शेजारी पेट्रोलची नळी असू शकते.

नवी मोटार बसवल्यावर फिरण्याची दिशा तपासा. रेडिएटरच्या मागे असलेल्या पंख्याने हवा पुढून ओढून इंजिनाकडे टाकायला हवी. गाडीच्या नाकाशी एक कागद धरा, तो जाळीला चिकटला पाहिजे. उडून परत आला तर प्लस-मायनस उलटलेत. पंख्याभोवतीची प्लास्टिकची चौकटही परत लावा. ती नसेल तर पंखा तीच ती हवा घुसळत राहतो आणि रेडिएटरचे कोपरे गरमच राहतात.

उलट तक्रार असेल, म्हणजे पंखा थांबतच नाही, तर आधी रिले काढून बघा. काढल्यावर थांबला, आणि नवा रिले घातल्यावर नीट वागला, तर जुन्याचे संपर्क एकमेकांना चिकटले होते. नव्यानेही थांबत नसेल तर सेन्सरची तार तुटलीय का ते शोधा.

बऱ्याच नव्या गाड्यांत रिलेऐवजी मोटारीलाच जोडलेलं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं आणि ईसीयू बारीक तारेवरून त्याला वेगाचा संकेत पाठवतो. तिथे जाड प्लस आणि अर्थ यांची वरची तपासणी तशीच लागू पडते. पण त्या बारीक तारेला बॅटरी किंवा टेस्ट लॅम्प लावू नका, ईसीयू जाऊ शकतो. स्कॅनरमधून पंखा चालवायची आज्ञा देऊन बघा.

वाटेतच पंखा गेला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची थोडी उष्णता आत ओढून घेतो. काटा तरीही लाल भागाकडे सरकला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. त्यापुढे चालवणं म्हणजे हेड गॅस्केटचं काम ओढवून घेणं.

काम झाल्यावर गाडी उभी ठेवून इंजिन तापू द्या आणि पंखा किमान दोनदा आपणहून सुरू होऊन बंद झालेला बघा. दुसऱ्या वेळी तो फिरत असताना व्होल्ट पुन्हा मोजा आणि फ्यूजच्या डोक्याला बोट लावा. कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर काम अर्धवट आहे. माझ्या गाडीत आता प्लसच्या बाजूला ०.२ व्होल्ट गळतात आणि दोन्ही पंखे ११ अँपिअरच्या आसपास घेतात. महिन्याने तोच फ्यूज काढून बघितला. दोन्ही पाय पांढरे होते.